न्यूरो-लाइमची टेस्ट: आधी तारखा, मग रक्त, मग पाठीतलं पाणी

लाइम या गोचिडीतून होणाऱ्या आजाराचा रिपोर्ट हातात आला की सगळ्यांची नजर पहिली एकाच शब्दावर जाते, पॉझिटिव्ह का निगेटिव्ह, आणि बहुतेक वेळा गडबड तिथेच होते. मेंदू आणि नसांवर (म्हणजे मज्जातंतूंवर) होणारा लाइम, ज्याला न्यूरोबोरेलिओसिस म्हणतात, त्यात तो एकटा शब्द फारसं काही सांगतच नाही. त्रास कधी सुरू झाला, रक्त कधी घेतलं, पाठीतलं पाणी (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव) काढलं का, काढलं असेल तर त्याच दिवशी रक्तही घेतलं का, हे सगळं समोर असेल तरच त्या शब्दाला अर्थ येतो. मी लॅबच्या बाजूला बसते, माझ्याकडे पेशंट येत नाही, नळ्या येतात आणि सोबत एक फॉर्म येतो, आणि त्या फॉर्मवर "लक्षणं सुरू झाल्याची तारीख" ही जागा बहुतेक वेळा कोरी असते. ती कोरी जागा बघून दर वेळी वाईट वाटतं, म्हणून हे सगळं बैजवार लिहून काढतेय.

आजाराची ओळख थोडक्यात करून घेऊ. बोरेलिया नावाचा पिळदार आकाराचा जिवाणू, इक्सोडिस जातीच्या गोचिडीच्या चाव्यातून अंगात जातो. १९७० च्या दशकात अमेरिकेत कनेटिकटमधल्या लाइम गावाच्या आसपास लहान मुलांमध्ये एकदम सांधे सुजायला लागले, त्यावरून आजाराचं नाव पडलं, आणि जिवाणू विली बर्गडॉर्फर यांनी १९८२ मध्ये जगापुढे आणला. पण नसांचा त्रास त्याच्या कितीतरी आधी लक्षात आला होता, फ्रान्समध्ये गॅरिन आणि बुजाडू या डॉक्टरांनी १९२२ मध्येच गोचीड चावल्यानंतर नसांच्या मुळांना सूज आलेल्या पेशंटचं वर्णन केलेलं आहे, आणि युरोपातल्या ज्या बोरेलियाला नसांची जास्त ओढ असते त्याला आज गॅरिनी म्हणतात ते याच गॅरिन यांच्यावरून. हे टेस्टच्या दृष्टीने कामाचं आहे बरं का, कारण अमेरिकेत मुख्यतः बर्गडॉर्फेरी आणि युरोपात गॅरिनी, अफझेलाय असे वेगवेगळे भाऊबंद असतात, त्यामुळे गोचीड कुठे चावली त्यावर कुठलं किट चालेल हे ठरतं.

आधी विचारा: ही टेस्ट करायला कारण आहे का

हे वाचून काहींना राग येईल पण मला हे मनापासून पटलेलं आहे की सगळ्यात जास्त चुकीचे रिपोर्ट मशीनमुळे येत नाहीत, ज्याची टेस्ट करायचं कारणच नव्हतं त्याची केल्यामुळे येतात. जिथे हा आजार जवळपास नाहीच अशा ठिकाणी, नुसता थकवा आहे म्हणून टेस्ट केली आणि पॉझिटिव्ह आली, तर ती खोटी पॉझिटिव्ह असण्याची शक्यता खरीपेक्षा जास्त असते. हा साधा हिशोब आहे, टेस्ट चांगली असली तरी हा हिशोब बदलत नाही.

कारण आहे असं कधी म्हणायचं, तर दोन गोष्टी एकत्र पाहिजेत. एक म्हणजे जिथे अशा गोचिडी आहेत तिथे जाणं झालेलं पाहिजे, अमेरिकेचा ईशान्य भाग आणि मोठ्या सरोवरांच्या बाजूची राज्यं, मध्य आणि उत्तर युरोप, रशियापासून जपानपर्यंतचा जंगलपट्टा, अशा भागात गवतात, झाडीत, बागेत वावर. चावा आठवलाच पाहिजे असं नाही, कारण गोचिडीचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं आणि चावताना दुखतही नाही, गुडघ्याच्या मागे नाहीतर केसात लपलं तर कोणाला कळणार.

दुसरी गोष्ट, त्रास न्यूरो-लाइमच्या साच्यात बसणारा पाहिजे. म्हणजे तोंड वाकडं होणं, खास करून दोन्ही बाजूंनी झालं तर लगेच कान टवकारायचे. मेंदूच्या आवरणाला सूज, म्हणजे डोकेदुखी, मान आखडणं, उजेड सहन न होणं. आणि तिसरं, जे सगळ्यात जास्त निसटतं ते, नसांच्या मुळांचं दुखणं, पाठीतून किंवा बरगड्यांवरून पट्ट्यासारखं जाणारं, रात्री वाढणारं, साध्या पेनकिलरला दाद न देणारं, कधी त्यासोबत एखाद्या पायात किंवा हातात शक्ती कमी होते. हे दुखणं स्लिप डिस्क समजून पुष्कळ लोक आठवडेच्या आठवडे काढतात. क्वचित मेंदूला किंवा मज्जारज्जूलाच सूज येते. हे सगळं साधारण चाव्यानंतर काही आठवड्यांपासून काही महिन्यांत दिसतं.

उलट २०२० च्या अमेरिकन गाइडलाइनमध्ये अगदी स्पष्ट लिहिलंय की ठराविक स्वरूपाचा एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस), एएलएस (हातापायांची शक्ती हळूहळू घालवणारा नसांचा आजार), पार्किन्सन, स्मृतिभ्रंश, नव्याने आलेली फिट, मानसिक आजार, एवढ्यावरून लाइमची टेस्ट सरसकट करू नका. दुसरं कुठलं कारण नसताना एमआरआयमध्ये नुसते पांढरे ठिपके दिसले तरी नाही. माणूस कारण शोधत असतो, त्याची तगमग मला कळते, पण खोट्या पॉझिटिव्हमुळे खरा आजार मागे पडतो आणि ते नुकसान भरून येत नाही.

आणि एक अपवाद लक्षात ठेवा. अंगावर ५ सेंटिमीटरपेक्षा मोठा, हळूहळू पसरणारा लाल चट्टा आहे, मध्ये फिकट असेल नाहीतर सगळाच लाल, तर तिथे रक्ताची वाट बघायची नसते. तो चट्टा म्हणजेच निदान. त्या वेळी अर्ध्याहून जास्त लोकांचं रक्त निगेटिव्हच येतं, कारण अँटीबॉडीज अजून बनलेल्याच नसतात. चट्ट्याचा फोटो तेवढा तारखेसकट काढून ठेवा, महिन्याभराने तोंड वाकडं झालं तर तो फोटो कुठल्याही रिपोर्टपेक्षा भारी पडतो.

तारखांचा कागद

सुई टोचण्याआधी एक कागद घ्या. त्यावर लिहा: चावा किंवा गोचिडीच्या भागातला वावर कधी, चट्टा दिसला असेल तर कधी, पहिला नसांचा त्रास कधी, अँटिबायोटिक कुठलं कधी सुरू झालं (घशासाठी म्हणून घेतलेलं पण चालतं, तेही लिहा), स्टेरॉइड घेतलं का, गेल्या काही महिन्यांत इम्युनोग्लोब्युलिनची सलाइन किंवा प्लाझ्मा चढवला का, प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू आहे का, केसा-नखांसाठी बायोटिनच्या जास्त डोसच्या गोळ्या चालू आहेत का.

यातली प्रत्येक ओळ रिपोर्ट फिरवू शकते. इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे हजारो दात्यांच्या अँटीबॉडीज, त्या उसन्या अँटीबॉडीज टेस्टमध्ये दिसतात आणि पेशंटच्याच वाटतात. रिटुक्सिमॅबसारख्या औषधाने अँटीबॉडीज बनवणाऱ्या पेशींची फळीच खाली बसते, मग आजार असूनही रक्त कोरं. बायोटिनचं तर कोणाच्या डोक्यातच येत नाही पण काही मशीनच्या टेस्टची सगळी साखळी बायोटिनवर बेतलेली असते, तिथे आकडे वरखाली होतात. आणि अँटिबायोटिक फार लवकर सुरू झालं तर कधीकधी अँटीबॉडीज वाढायच्या राहूनच जातात.

रक्ताची टेस्ट: दोन पायऱ्या

न्यूरो-लाइमची सुरुवात रक्तानेच होते. रक्त साध्या किंवा जेलच्या नळीत घेतात, ते गोठू देतात, वरचं पिवळसर सीरम वेगळं करतात आणि त्यात जिवाणू नाही तर जिवाणूविरुद्धच्या अँटीबॉडीज शोधतात. म्हणजे आपण चोर बघत नाही, चोर आल्यावर कुत्रा भुंकला का ते ऐकतो. एवढं डोक्यात ठेवलं की पुढचं सगळं आपोआप कळतं.

पहिली पायरी एलायझा किंवा तशीच मशीनवरची टेस्ट. ती मुद्दाम जरा हळवी ठेवलेली असते, म्हणजे कोणी निसटू नये. निगेटिव्ह आली आणि त्रास ६ ते ८ आठवड्यांपेक्षा जुना असेल तर साधारण तिथेच थांबतात. पॉझिटिव्ह किंवा सीमेवरची आली तर दुसरी पायरी, आणि पॉझिटिव्ह शब्द बघून पहिल्याच पायरीवर घाबरून जाऊ नका, त्यासाठीच तर दुसरी पायरी आहे. सिफिलिस, ग्लँड्युलर फीव्हर, ल्युपस, संधिवाताचा र्‍हूमॅटॉइड फॅक्टर, दुसरे पिळदार जिवाणू, या सगळ्यांनी पहिली टेस्ट खोटी पॉझिटिव्ह होऊ शकते.

दुसरी पायरी जुन्या पद्धतीत वेस्टर्न ब्लॉट. एका पट्टीवर जिवाणूची वेगवेगळी प्रथिनं वजनाप्रमाणे खालीवर बसवलेली असतात, त्यावर सीरम टाकायचं, ज्या प्रथिनाविरुद्ध अँटीबॉडी असेल तिथे गडद रेघ उठते, तिला बँड म्हणतात. अमेरिकेत १९९५ पासून चालत आलेला नियम असा आहे की आयजीएमसाठी (आधी येणारी अँटीबॉडी) ३ पैकी २ बँड, आयजीजीसाठी (मागून येणारी आणि टिकून राहणारी अँटीबॉडी) १० पैकी ५ बँड. युरोपात वेगवेगळी किट आहेत, नियम किटप्रमाणे, त्यामुळे अमेरिकेचा आकडा तिकडच्या रिपोर्टला लावू नका. २०१९ पासून अमेरिकेत ब्लॉटऐवजी दुसऱ्या प्रकारची एलायझा वापरायलाही मान्यता आहे, त्यात रेघा मोजायचा मानवी डोळा मध्ये येत नाही आणि सुरुवातीच्या दिवसांतले पेशंट जास्त सापडतात, मला ही पद्धत आवडते.

रेघांबद्दल एक खूप कळकळीने सांगायचंय. रिपोर्टवर "४१ किलोडाल्टन बँड पॉझिटिव्ह" असं लिहिलेलं असतं आणि लोक तेवढ्यावरून आपल्याला लाइम आहेच असं धरून बसतात. ४१ ची रेघ (४१ किलोडाल्टन हे प्रथिनाचं वजन) जिवाणूच्या शेपटीच्या प्रथिनाची असते, आणि तशाच बनावटीची शेपटी इतर बऱ्याच जिवाणूंना असते, दातांच्या हिरड्यांमध्ये राहणाऱ्या निरुपद्रवी जिवाणूंनासुद्धा. पुष्कळ धडधाकट माणसांच्या पट्टीवर ती रेघ उठते. एकटी ४१ म्हणजे लाइम नाही.

आता आयजीएम आणि आयजीजी. आयजीएम साधारण २ ते ४ आठवड्यांत येतं, आयजीजी ४ ते ६ आठवड्यांत. म्हणून त्रास सुरू होऊन महिना उलटून गेलेला असेल तर नुसत्या आयजीएमवर विश्वास ठेवायचा नाही, तोपर्यंत आयजीजी यायलाच पाहिजे होतं. सहा महिन्यांचा त्रास, आयजीएम पॉझिटिव्ह, आयजीजी निगेटिव्ह, असा रिपोर्ट जवळजवळ नेहमी खोटा पॉझिटिव्ह असतो. याच्या उलट, तोंड वाकडं होऊन ५ दिवस झालेत आणि रक्त निगेटिव्ह आहे तर ते निगेटिव्ह कच्चं आहे, दोन-चार आठवड्यांनी परत रक्त द्या. बघा, दोन्हीकडे निर्णय तारखेनेच झाला.

आणखी एक, आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे कधीतरी जिवाणू भेटला होता एवढंच. जंगलात काम करणाऱ्या, गोचिडीच्या भागात राहणाऱ्या कितीतरी लोकांच्या रक्तात त्या अँटीबॉडीज वर्षानुवर्षं असतात आणि त्यांना काहीही होत नसतं. म्हणून रक्त पॉझिटिव्ह आणि पाय बधिर, एवढ्यावरून पाय लाइममुळेच बधिर झाला असं म्हणता येत नाही. यासाठीच तर पाठीतलं पाणी.

पाठीतलं पाणी: कोणाचं काढायचं, कसं काढायचं

सगळ्यांचंच काढावं लागतं असं नाही. गोचिडीच्या भागात राहणाऱ्या माणसाचं तोंड वाकडं झालंय, चट्टा होऊन गेलाय, रक्त स्पष्ट पॉझिटिव्ह आहे, बाकी काही नाही, तर बरेच डॉक्टर पाणी न काढताच औषध सुरू करतात आणि ते बरोबरच आहे. युरोपात मात्र पाणी तपासण्याकडे कल जास्त आहे. डोकेदुखी-मान आखडणं, कुठल्या नसांचं दुखणं ते कळत नाहीये, मेंदू-मज्जारज्जूची शंका, किंवा दुसरा आजार असू शकतो असं वाटतंय, तिथे काढलंच पाहिजे.

लंबर पंक्चर शब्दाला लोक फार घाबरतात. कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात नाहीतर बसवून पुढे वाकवतात, कमरेच्या खालच्या मणक्यांच्या मधे सुई जाते, तिथपर्यंत मज्जारज्जू पोचलेलाच नसतो, तो वरच संपतो, त्यामुळे त्याला सुई लागायची भीती धरू नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा, आणि मेंदूत दाब वाढल्याची शंका असेल तर आधी स्कॅन करतात. नंतर काही जणांना उठून बसलं की दुखणारी आणि आडवं झालं की कमी होणारी डोकेदुखी होते. बोथट टोकाची बारीक सुई वापरली तर तिचं प्रमाण कमी असतं, आधी विचारायला काही हरकत नाही.

आता लॅबच्या बाजूचं. पाणी थेंब थेंब येतं, स्वच्छ असेल तर नळाच्या पाण्यासारखं नितळ दिसतं, आणि ३-४ नळ्यांमध्ये ओळीने घेतात. ज्या नळीत पेशी मोजायच्या ती लगेच लॅबमध्ये पोचली पाहिजे, तास-दोन तासांत पेशी फुटायला लागतात आणि मग मोजलेला आकडा खरा राहत नाही. सुई एखाद्या छोट्या शिरेला लागली तर पहिल्या नळीत लालसर झाक येते, ती पुढच्या नळ्यांमध्ये कमी होत जाते, म्हणून नळ्यांवर १, २, ३ असे नंबर घालायचेच, आणि रक्त मिसळलेलं आहे हे फॉर्मवर लिहायचं, कारण रक्तातल्या अँटीबॉडीज पाण्यात सांडल्या की पुढचा सगळा हिशोब खोटा होतो.

आणि या सगळ्या लेखातलं एकच वाक्य लक्षात राहिलं तरी चालेल ते हे: पाणी काढाल त्याच दिवशी रक्ताची नळी पण घ्या, आणि दोन्ही एकाच लॅबला एकत्र पाठवा. एकदा आमच्याकडे एका पेशंटचं पाणी आलं, पेशी भरपूर, सगळं लाइमकडे बोट दाखवणारं, पण सोबत रक्त नव्हतं. विचारलं तर कळलं की रक्त पाच आठवड्यांपूर्वीचं आहे, ते दुसऱ्याच लॅबमध्ये दुसऱ्या किटवर झालंय. काही करता येईना. नवीन रक्त मागवेपर्यंत औषध सुरू होऊन बरेच दिवस गेले होते, आणि ज्या प्रश्नासाठी त्या माणसाने पाठीत सुई टोचून घेतली त्याचं उत्तर तसंच लटकत राहिलं. एक नळी रक्त, बस एवढंच राहिलं होतं.

पाण्याचा साधा रिपोर्ट आधी वाचा

महागड्या टेस्टच्या आधी साधे आकडे बघा, ते त्याच दिवशी हातात येतात. एका मायक्रोलिटरमध्ये पेशी साधारण ५ पेक्षा कमी असायला पाहिजेत, न्यूरो-लाइममध्ये त्या दहा-वीसपासून काहीशेपर्यंत जातात आणि त्यात बहुतेक लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) असतात, सोबत प्लाझ्मा पेशी (अँटीबॉडीज बनवणाऱ्या पेशी) दिसल्या तर शंका अजून घट्ट होते. प्रोटीन वाढलेलं, कधीकधी चांगलंच. ग्लुकोज बहुधा नॉर्मल. पाणी पू झाल्यासारखं गढूळ, न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार) भरमसाट आणि ग्लुकोज खाली, असं असेल तर तो वेगळाच आणि तातडीचा आजार आहे, लाइमच्या मागे लागायचं नाही.

लिम्फोसाइट व्हायरसमुळेही वाढतात, म्हणून त्याच पाण्यात नागीण आणि हर्पीसच्या व्हायरसची पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट), आणि रक्तात सिफिलिस आणि एचआयव्ही बघून घ्यावं. सिफिलिसचा जिवाणू बोरेलियाचा चुलतभाऊच, दोघांचा चेहरामोहरा टेस्टमध्ये एकमेकांशी मिळतो. युरोपात चावलेली असेल तर त्याच गोचिडीतून येणारा टिक-बोर्न एन्सेफलायटिस (व्हायरसमुळे मेंदूला येणारी सूज) डोक्यात ठेवायचा, लस घेतली होती का तेही सांगायचं.

पाण्यात पेशी अजिबात वाढलेल्या नाहीत आणि त्रास काही आठवड्यांचा आहे, तर मेंदू-आवरणाचा लाइम असण्याची शक्यता बरीच कमी होते. अगदी पहिल्या दिवसांत मात्र पेशी नसूही शकतात.

अँटीबॉडी इंडेक्स, हिशोबासकट

हा या सगळ्याचा गाभा. प्रश्न असा आहे की पाण्यात सापडलेल्या बोरेलियाच्या अँटीबॉडीज तिथेच, मेंदूच्या आवरणात, तयार झाल्यात का नुसत्या रक्तातून झिरपून आल्यात. रक्तातून थोड्या अँटीबॉडीज कायम झिरपतातच, आणि सूज असेल, मेंदूचा बांध ढिला झालेला असेल, तर जास्त झिरपतात. म्हणून पाण्यात नुसत्या अँटीबॉडी सापडल्या, किंवा पाण्यावर नुसता वेस्टर्न ब्लॉट केला, याला फार अर्थ नाही.

हिशोब असा. पाण्यातल्या बोरेलिया-आयजीजीला रक्तातल्या बोरेलिया-आयजीजीने भागा. मग पाण्यातल्या एकूण आयजीजीला रक्तातल्या एकूण आयजीजीने भागा. पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागा.

समजा रक्तात बोरेलिया-आयजीजी १०० युनिट, पाण्यात २ युनिट. भागाकार ०.०२. एकूण आयजीजी रक्तात लिटरला १०,००० मिलिग्रॅम, पाण्यात ४०, भागाकार ०.००४. ०.०२ ला ०.००४ ने भागलं की येतात ५. म्हणजे एकूण अँटीबॉडीज जेवढ्या झिरपल्यात त्याच्या पाचपट बोरेलियाच्या अँटीबॉडीज पाण्यात आहेत, त्या झिरपून येऊच शकत नाहीत, तिथेच बनल्यात. आता दुसरा पेशंट घ्या, रक्त तेच १०० युनिट, पण पाण्यात अर्धा युनिट, बाकी तसंच. ०.००५ भागिले ०.००४ म्हणजे १.२५. याच्या पाण्यात पण अँटीबॉडी "सापडली" आहे, पण ती रक्तातून आलेली आहे. बऱ्याच लॅब १.५ च्या वर पॉझिटिव्ह धरतात, काही जरा खाली, काही २ च्या वर, त्यामुळे आपल्या रिपोर्टवर लॅबने सीमा कुठे धरली ते बघा. काही लॅब आयजीएमचाही इंडेक्स काढतात, तो सुरुवातीच्या दिवसांत आधी वर जाऊ शकतो.

वर म्हटलं ना की रक्त आणि पाणी एकाच दिवसाचं, एकाच लॅबचं, एकाच किटवरचं पाहिजे, ते यासाठी. भागाकारातला एक आकडा वेगळ्या दिवसाचा असला की उत्तराला काही किंमत उरत नाही.

इंडेक्सच्या दोन मर्यादा. पहिल्या काही आठवड्यांत तो निगेटिव्ह असू शकतो, अँटीबॉडीजची गिरणी अजून सुरूच झालेली नसते, आणि साधारण ६ आठवडे उलटले की निगेटिव्हवर भरवसा वाढतो. आणि बरं झाल्यावरही तो वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहू शकतो, म्हणून पूर्वी न्यूरो-लाइम होऊन गेलेल्या माणसाला नवीन त्रास झाला तर इंडेक्ससोबत पेशी वाढल्यात का हे बघावंच लागतं.

युरोपात वापरतात तो नियम मला फार सोपा आणि प्रामाणिक वाटतो. तीन गोष्टी मोजायच्या: साच्यात बसणारा आणि दुसरं कारण नसलेला नसांचा त्रास, पाण्यात वाढलेल्या पेशी, आणि पाण्यातच बनलेल्या अँटीबॉडीज. तिन्ही असतील तर पक्का न्यूरोबोरेलिओसिस, दोन असतील तर शक्य आहे. डॉक्टरांशी बोलताना "माझ्या तीनपैकी किती आहेत" एवढा एक प्रश्न विचारला तरी बोलणं बरोबर दिशेला जातं.

सीएक्ससीएल १३, पीसीआर आणि कल्चर

सीएक्ससीएल १३ हे बी-पेशींना (पुढे अँटीबॉडीज बनवणाऱ्या पेशींना) बोलावणारं रसायन, न्यूरो-लाइममध्ये ते पाण्यात अँटीबॉडीच्या आधी खूप वाढतं आणि औषध सुरू झाल्यावर लवकर खाली येतं. म्हणून अगदी ताजा त्रास, पेशी वाढलेल्या पण इंडेक्स अजून निगेटिव्ह, अशा अडनिड्या वेळी त्याचा उपयोग होतो. सिफिलिसमध्ये आणि मेंदूच्या लिम्फोमामध्येही ते वाढतं, तेव्हा एकट्यावर निदान नाही. सगळीकडे ही टेस्ट होतही नाही.

पीसीआरबद्दल लोकांचा समज असा की जिवाणूचाच डीएनए बघतात म्हणजे ती सगळ्यात खात्रीची. पण पाण्यात जिवाणू इतके विरळ असतात की नळीत यायचा योग क्वचित. पॉझिटिव्ह आली तर महत्त्वाची, निगेटिव्ह आली तर काहीच सिद्ध होत नाही. म्हणून सरसकट करत नाहीत, पण ज्यांची अँटीबॉडी बनवायची ताकदच औषधांनी दाबलेली आहे त्यांच्यात करावी. कल्चरला, म्हणजे जिवाणू लॅबमध्ये वाढवायला, खास माध्यम आणि आठवडेच्या आठवडे लागतात, रोजच्या कामात त्याचा उपयोग नाही.

लघवीतलं अँटीजेन, सीडी५७ पेशींचा आकडा, जिवंत रक्ताचा थेंब मायक्रोस्कोपखाली दाखवून "हे बघा हलतायत" म्हणणं, लिम्फोसाइट ट्रान्सफॉर्मेशन, यांच्यावर निदान करू नका. अंगातून काढलेल्या गोचिडीची टेस्ट करून औषध ठरवू नका, गोचिडीत जिवाणू असणं वेगळं आणि तो तुमच्यात उतरणं वेगळं.

रिपोर्ट येईपर्यंत आणि नंतर

इंडेक्सला काही दिवस लागतात. त्रास साच्यात बसतोय आणि पाण्यात पेशी आहेत, तर डॉक्टर बहुधा थांबत नाहीत, सॅम्पल घेतल्यावर डॉक्सिसायक्लिन किंवा सेफ्ट्रायाक्झोन सुरू करतात, आणि ते योग्यच आहे. आधी सॅम्पल मग औषध हा क्रम फक्त काही तासांचा असावा, टेस्टसाठी औषध आठवडाभर अडवून ठेवू नये. झोपेची ग्लानी, गोंधळलेलं बोलणं, वेगाने वाढणारी पायातली कमजोरी, लघवी अडणं, असं काही असेल तर लेख वाचत बसू नका, हॉस्पिटलला जा. चक्कर येऊन पडणं किंवा छातीत धडधड असेल तर ईसीजी काढून घ्या, हा जिवाणू हृदयाच्या वायरिंगलाही धरतो. तोंड वाकडं झालेल्यांनी डोळ्याची काळजी घ्या, पापणी पूर्ण मिटत नाही, डोळा कोरडा पडतो, ड्रॉप्स आणि रात्री पट्टी, ही साधी गोष्ट टेस्टच्या धांदलीत राहून जाते.

औषध संपल्यावर "गेला का बघूया" म्हणून परत अँटीबॉडी टेस्ट करू नका. ती पॉझिटिव्हच राहील, महिने, वर्षं, आणि तुमची झोप उडेल. आयजीएमसुद्धा कधीकधी लांबपर्यंत रेंगाळतं. बरं होणं मोजायचं ते दुखणं कमी झालं का, चेहरा हलायला लागला का, चालता येतंय का यावरून. नसा सावकाश भरून येतात, औषध संपल्या दिवशी सगळं नॉर्मल झालं नाही म्हणून उपचार फसले असं नाही. मात्र महिने उलटूनही त्रास हटत नसेल किंवा नवा वाढत असेल तर पाणी परत काढून पेशी बघतात, सहा महिन्यांनीही पेशी वाढलेल्याच असतील तर निदान आणि उपचार दोन्हींचा परत विचार करावा लागतो.

जुने सगळे रिपोर्ट, पहिल्या दिवसाच्या नळ्यांच्या तारखांसकट, एका फाइलीत ठेवा. लॅबला विचारा की उरलेलं सीरम किती दिवस ठेवतात, कारण काही आठवड्यांनी दुसरं रक्त दिलं तर जुनं आणि नवं एकाच दिवशी एकाच किटवर शेजारी शेजारी लावून बघता येतं. आणि फॉर्मवरची ती कोरी जागा, लक्षणं कधी सुरू झाली ती, कोणी विचारलं नाही तरी स्वतः सांगून भरून घ्या.